नव्या वगाचा खर्च कोणी करायचा?

गुढीपाडव्याच्या आगेमागे जुन्नर तालुक्यातील नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तेथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, घासाघीस करतात आणि आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी एखाद्या फडाला सुपारी देऊन परततात. गावाने वर्गणी काढावयाची, फडाने खेळ करावयाचा आणि तो साऱ्या पंचक्रोशीने फुकट पाहावयाचा, असा हा व्यवहार आहे. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदीही नेमकी त्याच दिवशी सुरू झाली. त्या वर्षीचा सुपारीचा हंगाम बुडाला. पुढच्या वर्षीही यात्रा धड भरल्या नाहीत. तमाशा कलावंतांच्या हलाखीची वर्णने त्या काळात वृत्तपत्रांतून पुष्कळ आली, मदतीची आवाहने झाली, थोडीफार मदत पोचलीही. मात्र ती सारी चर्चा कलावंताने जगावे कसे याची होती. त्याने नवे काही निर्माण करावे कसे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही आणि फड पुन्हा उभे राहिल्यानंतरही विचारलेला नाही.

पोटाचा प्रश्न आधी, हे कबूलच केले पाहिजे. परंतु तमाशासारख्या उघड्यावरच्या कलेत पोटाचा प्रश्न आणि निर्मितीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नवा खेळ नाही म्हणून गर्दी आटते, गर्दी आटली म्हणून सुपारी घटते आणि सुपारी घटली म्हणून नवा खेळ बसविण्याचे धाडस होत नाही. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे तर ते कोठे, याचा विचार व्हावयास हवा.

नाट्यगृहातील नाटक आणि उघड्यावरचा खेळ यांच्या अर्थकारणात एक मूलभूत फरक आहे व तो सहसा लक्षात घेतला जात नाही. नाट्यगृहाचा निर्माता तालमींवर खर्च करतो तो पुढच्या शंभर प्रयोगांच्या तिकीटविक्रीवर डोळा ठेवून. त्याच्या खेळाला दार असते, दाराशी माणूस उभा असतो आणि तिकिटावाचून कोणी आत येत नाही. उघड्यावरच्या खेळाला दारच नसते. यात्रेतला वग पाचशे माणसांनी पाहिला काय आणि पाच हजारांनी पाहिला काय, सुपारीची रक्कम तेवढीच राहते. पथनाट्याच्या बाबतीत तर सुपारीही नाही. खेळ संपल्यावर झोळी फिरवावयाची आणि पडेल ते घ्यावयाचे. तमाशात कनातीच्या आत तिकिटाचे खेळही होतात, हे खरे. पण त्या तिकिटाचा दर खेडेगावच्या खिशाने ठरविलेला असतो. तात्पर्य, प्रयोगाच्या रात्रीचा खर्च कसाबसा निघतो. प्रयोगापूर्वीच्या महिन्यांचा निघत नाही. आणि कोणतीही नवी कलाकृती घडते ती त्या महिन्यांत.

उचल आणि व्याज

तमाशाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपते. मधले चार-पाच महिने पावसाचे. फड बंद असतो आणि मंडळी आपापल्या गावी गेलेली असतात. या महिन्यांत कलावंताने जगावयाचे ते फडमालकाने दिलेल्या उचलीवर. पुढच्या हंगामातही हा ढोलकीवाला, हा सोंगाड्या, ही नर्तकी आपल्याच फडात राहावी म्हणून मालक आगाऊ रक्कम देतो आणि हंगाम सुरू झाल्यावर ती पगारातून वळती करून घेतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. गाणारे-नाचणारे यांच्याबरोबर आचारी, तंबू ठोकणारे, दिवाबत्तीवाले, ट्रकचालक अशी सगळी मिळून ती संख्या होते. एवढ्यांची उचल मालकाने आणावयाची कोठून? बँका तमाशाला सहसा कर्ज देत नाहीत, कारण तारण ठेवावयास फडाजवळ जुन्या ट्रकांपलीकडे फारसे काही नसते. मग उरतो सावकार.

या व्यवहाराकडे आजवर शोषणाची एक कहाणी म्हणून पाहिले गेले आणि ती तशी आहेच. परंतु त्याकडे निर्मितीच्या बाजूनेही पाहावयास हवे. दसऱ्यापूर्वीच्या काही आठवड्यांत फड पुन्हा एकत्र येतो आणि तालीम सुरू होते. नवा वग बसवावयाचा तो याच वेळी. त्या दिवसांचे जेवणखाण, पोशाख, सामान, वग लिहिणाऱ्याची बिदागी हे सारे त्याच कर्जातून भागवावयाचे असते. म्हणजे महाराष्ट्रात उघड्यावरच्या नव्या कलाकृतीला भांडवल पुरविणारा सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित पुरवठादार सावकार आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये! व्याजाचे चाक फिरत असताना तालीम पंधरा दिवस अधिक चालवावी, एखादा प्रवेश मोडून पुन्हा बांधावा, न जमलेला वग टाकून देऊन दुसरा हाती घ्यावा, हे कोणाला परवडणार? साहजिकच मालक जोखीम टाळतो. गेल्या साली चाललेला वग यंदा पुन्हा निघतो, त्याला दोन नवी चित्रपटगीते जोडली जातात आणि फलकावर नाव तेवढे बदलते.

वस्तुतः वग हा मूळचा नवनिर्मितीचाच प्रकार. सावळजच्या उमाजीचा 'मोहना-बटाव' हा १८६५ चा वग पहिला मानला जातो. त्यापूर्वीच्या तमाशात गण, गौळण, लावणी होती. सलग कथानक सांगणारे नाट्य नव्हते. पुढे पठ्ठे बापूरावांनी वगाला आपल्या रचनांचे वैभव दिले. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या 'जहरी प्याला' या वगातील दोन हवालदार महाराष्ट्राने वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' तर प्रत्येक रात्री वाढत, पालटत गेले. असा एकेक वग पिढीला पुरला, हे त्याच्या कसाचे लक्षण खरे. पण त्यांतील प्रत्येक वगाला कधीतरी पहिली रात्र होती आणि त्या रात्रीपूर्वी कोणीतरी तो चालेल की नाही हे ठाऊक नसताना त्यावर पैसा लावला होता.

त्यात आणखी एक अडचण येऊन पडली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवरील बंदी ठामपणे उचलून धरली. वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य सरकारांना आहे. आजारी माणसाच्या, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण तमाशाची रचना रात्रभराची. आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि रात्र चढल्यावर वग. रात्रच आखूड झाली तेव्हा कात्री लागली ती शेवटी येणाऱ्या वगाला. गाणी राहिली, नाट्य आटले. आता दीड-दोन तासांत बसेल असा, नव्या घाटाचा वग बांधणे हे तमाशापुढचे खरे कलात्मक आव्हान आहे. आणि नवा घाट काही सावकाराच्या तिथीत बसवून सापडत नाही.

तयार मालाचे अनुदान

सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि मराठी रंगभूमीला तिने दिलेल्या नटांची, लेखकांची, दिग्दर्शकांची यादी मोठी आहे. व्यावसायिक नाटकांना प्रयोगागणिक अनुदान मिळते. तमाशा, शाहिरी, दशावतार, खडीगंमत यांच्यासाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची योजना आहे व तीत भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान अशी सोय आहे. वृद्ध कलावंतांना मानधन आहे. पुरस्कार तर आहेतच. विठाबाई नारायणगावकरांना १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, २००२ साली त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत आणि आज त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. या तीन वाक्यांत आपल्या सांस्कृतिक धोरणाचा बराचसा इतिहास येऊन जातो.

या सर्व योजनांच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे, ते म्हणजे कलाकृती आधीच तयार आहे. स्पर्धेत तयार नाटक उतरवावयाचे असते. प्रयोग अनुदान झालेल्या प्रयोगांचे असते. भांडवली अनुदान सामानासाठी उपयोगी पडते. पुरस्कार सरलेल्या आयुष्याचा असतो. तालमीच्या दिवसांची मजुरी, फसलेल्या प्रवेशाची किंमत, लेखकाने फडाबरोबर महिनाभर राहून ढोलकीच्या अंगाने संवाद बांधण्याचा खर्च, यांना या कोष्टकांत रकानाच नाही. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती काहीशी वेगळी आहे. ज्येष्ठ कलावंताला दरमहा २०,००० आणि कनिष्ठाला १०,००० रुपये, अशी दोन वर्षे ती देण्याची तरतूद त्या योजनेत करण्यात आली. काम पुरे होण्याआधी, ते चालू असतानाच पैसा द्यावयाचा, हे तत्त्व तीत आहे. पण ती एका व्यक्तीला मिळते. गायक, अभ्यासक, चित्रकार यांना ती सोयीची. वीस माणसांनी मिळून जो वग उभा करावयाचा त्याला तिचा उपयोग थोडा.

दुसरी अडचण संहितेची. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि अनुदानाच्या अर्जालाही कागद लागतात. उघड्यावरच्या कलेचा प्राण मात्र कागदावर नसतो. बतावणीतली हजरजबाबी वाक्ये त्या गावच्या त्या संध्याकाळची असतात. तळकोकणातल्या दशावतारात नट आख्यान ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर रचतात. लिहिलेली संहिता त्यांच्याजवळ नसतेच. अशा कलेकडे 'तुमच्या नव्या नाटकाच्या प्रती जोडा' म्हणून मागणी करणे म्हणजे विहिरीला पाण्याचा दाखला मागण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. संगीत नाटक अकादमीने १९८४ साली तरुण रंगकर्मींना साहाय्य देणारी योजना सुरू केली. पारंपरिक नाट्यप्रकारांचा आधार घेऊन नवे नाटक करणाऱ्या दिग्दर्शकांना तिने पैसा दिला, महोत्सव भरविले. हेतू चांगला होता आणि काही प्रयोग चांगले झालेही. पण हा पैसा गेला शहरातील, अर्ज लिहिता येणाऱ्या, नाट्यगृहात काम करणाऱ्या तरुणांकडे. त्यांनी लोककलेतून ढोल घेतला, मुखवटे घेतले, विधी घेतले. ज्याच्याकडून घेतले तो आपल्या गावी उचलीची वाट पाहत राहिला. मराठी रंगभूमीने लोकनाट्याचे ऋण घेऊन 'विच्छा माझी पुरी करा', 'घाशीराम कोतवाल' अशी थोर नाटके दिली व त्यांचा अभिमान वाटावयास हवा. तरीही ऋण म्हटले की परतफेड आलीच, आणि ती कोठे झाली हे शोधावे लागते.

नकार देणाऱ्यांची साक्ष

उघड्यावरच्या नाट्याला सरकारी पैसा नकोच, असे मानणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. तमाशाच्या घाटाला त्यांनी कामगाराची आणि शेतमजुराची भाषा दिली. पुढे त्यांच्या खेळांना सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबाद येथे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले आणि ४ जानेवारीला त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी तेच नाटक पुरे केले. रस्त्यावरचे नाट्य सत्तेला प्रश्न विचारण्यासाठीच जन्माला आले असेल, तर सत्तेच्याच पैशाने ते कसे जगावे? अनुदानाबरोबर मिंधेपण येते, ही भीती खोटी नाही.

परंतु या पक्षाचे जे सर्वांत मोठे आचार्य, त्या बादल सरकारांचीच कहाणी येथे आठवावी. तिकीट नाही, रंगमंच नाही, दिवे नाहीत, नट आणि प्रेक्षक एकाच जमिनीवर, असे 'तिसरे थिएटर' त्यांनी कलकत्त्यात उभे केले. बागेत, अंगणात, खेड्यात त्यांची 'शताब्दी' ही संस्था खेळ करी. त्यांचे 'मिछिल' अमोल पालेकर यांनी 'जुलूस' या नावाने मराठीत आणले, त्यामुळे मराठी प्रेक्षकालाही त्या नाट्याचा प्रत्यय आला. सरकारी अनुदानावर हे नाट्य कधी विसंबले नाही. पण बादल सरकार पेशाने नगररचनाकार होते, त्यांना नियमित पगार होता; आणि १९७१ साली त्यांना जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली, ती शहर आणि खेडे यांना जोडणाऱ्या रंगभूमीचा शोध घेण्यासाठीच. 'स्पार्टाकस' १९७२ चे, 'मिछिल' १९७४ चे, 'भोमा' १९७६ चे. ज्या वर्षांत हे नाट्य घडले, त्या वर्षांच्या तोंडाशीच तिने शोधासाठी आधार दिला होता. नाटक कसे असावे, हे तिने ठरविले नाही. स्वाभिमानाने झोळी फिरविता यावी यासाठीही आधी कोणीतरी वेळ विकत घेऊन द्यावा लागतो, असाच याचा अर्थ होत नाही काय?

मिंधेपणाची भीती खरी असेल, तर पैसा कोण देतो यापेक्षा कोणत्या अटीवर देतो हे पाहावे लागेल. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खाजगी संस्था १९९३ साली स्थापन झाली आणि १९९५ पासून कलावंतांना साहाय्य देते. तिच्याकडे अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत करता येतो आणि काम अपुरे असताना, त्याचे रूप अजून ठरत असतानाही पैसा मिळू शकतो. मात्र अशी एखादी संस्था देशाला पुरी पडणारी नव्हे.

सुपारीच, पण वाटून घेतलेली

युरोपातील उदाहरण देताना जरा जपूनच बोलावे लागते. तिकडील पैसा वेगळा, यात्रा वेगळ्या. तरीही उघड्यावरच्या नाट्याला दार नसते ही अडचण त्यांनाही तेवढीच आहे आणि ती त्यांनी कशी सोडविली हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये मिशेल क्रेस्पँ यांच्या पुढाकाराने १९८३ साली रस्त्यावरच्या कलांसाठी एक निर्मितिकेंद्र सुरू झाले व पुढे ते मार्सेय येथे गेले. १९८६ साली त्यांनीच ओरियाक या डोंगराळ भागातल्या लहान शहरात पथनाट्य महोत्सव सुरू केला. आज त्या देशात अशी डझनाहून अधिक राष्ट्रीय केंद्रे आहेत. तेथे कलावंतांचा गट येतो, काही आठवडे राहतो, जेवतो, तालीम करतो, अर्धाकच्चा खेळ गावच्या चौकात करून पाहतो आणि पुन्हा मोडतो. शिवाय वर्षभरात ५०७ तास काम केलेल्या कलावंताला दोन कामांमधल्या रिकाम्या काळात बेकारभत्ता मिळतो आणि पगारी तालमीचे तासही त्यांत मोजले जातात. आपल्याकडील उचलीचे काम तेथे विमा करतो. व्याज तेवढे नसते.

इंग्लंडमध्ये २००७ साली काही खुल्या महोत्सवांनी मिळून 'विदाउट वॉल्स' नावाचा संघ केला. ग्रीनिच, स्टॉकटन, ब्रायटन, नॉरिच येथील महोत्सव त्यात आले आणि सरकारी कला परिषदेने त्याला पैसा दिला. एकेकट्या महोत्सवाला नव्या खेळाचा निर्मितिखर्च पेलत नव्हता. सर्वांनी मिळून तो उचलावयाचा आणि मग तो खेळ सर्वांच्या गावी फिरवावयाचा, अशी ही व्यवस्था. त्यापुढे जाऊन या संघाने केवळ कल्पना तपासून पाहण्यासाठी निराळा निधी ठेवला. त्यातून पैसा घेणाऱ्याने खेळ पुरा करून दाखविलाच पाहिजे, असे नाही.

नारायणगावच्या राहुटीत बसलेल्या पंचांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. ती सुपारीच आहे. फक्त दहा गावांनी मिळून आणि खेळ तयार होण्याआधी दिलेली.

येथे विदर्भातील झाडीपट्टीचे उदाहरण विरुद्ध बाजूने पुढे केले जाईल आणि ते प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके होतात, वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र आहे आणि दर हंगामात नवी नाटके येतात. तीही मुख्यतः बाजाराच्या बळावर! मग तमाशालाच मदतीची गरज का? याचे उत्तर दोन्हींच्या घडणीत आहे. झाडीपट्टीचे नाटक लेखकाच्या हातचे असते, प्रॉम्प्टर असतो, तालमी थोड्या पुरतात. वगाची बांधणी गाणे, ढोलकी, नाच आणि उत्स्फूर्त संवाद यांच्या सांध्यावर उभी असते आणि ते सांधे तालमीतच जुळतात. शिवाय झाडीपट्टीतही नाटके संख्येने पुष्कळ आहेत म्हणून त्यांना सवड देण्याची गरज नाही, असे तेथील जाणते लोक म्हणतील असे वाटत नाही.

आषाढातला पैसा

मग करावयाचे काय? रक्कम फार मोठी नाही. समजा, नवा वग बसविणाऱ्या वीस कलावंतांना सहा आठवड्यांच्या तालमीसाठी दिवसाला ५०० रुपये द्यावयाचे ठरविले, तर हिशेब ४ लाख २० हजारांचा होतो. वर सांगितलेल्या ज्येष्ठ अधिछात्रवृत्तीची दोन वर्षांची रक्कम ४ लाख ८० हजार होते. एका व्यक्तीच्या अभ्यासाला जेवढा पैसा देण्याची पद्धत या देशात रूढ झाली आहे, तेवढ्यात एक नवा वग पहिल्या रात्रीपर्यंत पोचू शकतो. दरसाल असे दहा वग हाती घेतले तरी तो खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात नजरेला येणार नाही.

हा पैसा भांडवली अनुदानापासून अगदी वेगळा ठेवावा लागेल. त्यातून ट्रक दुरुस्त होता कामा नये. कारण ट्रक बंद पडला की कोणताही व्यवहारी मालक तालमीचा पैसा त्यातच घालील आणि त्याला दोषही देता येणार नाही. तालमीची मजुरी कलावंताच्या हाती थेट पडावी. निवड करणाऱ्या समितीत प्राध्यापक आणि अधिकारी असावेत, पण बहुमत त्यांचे नसावे. ज्याने आयुष्यभर ढोलकी वाजविली, जो वीस वर्षे यात्रेचा पंच आहे, जिने फड चालविला आहे, अशी माणसे तेथे हवीत. त्यांनी संहितेचे बाड वाचण्यापेक्षा बतावणीचा एक तुकडा आणि वगाची गोष्ट तोंडी ऐकावी. विषयाची अट घालू नये. व्यसनमुक्तीवर वग करा, स्वच्छतेवर वग करा, असे एकदा सुरू झाले की त्या खेळाचे प्रचारपत्रक होते. फडाला त्यातून दोन महिन्यांची रोजी मिळते आणि वग जन्मतःच मरतो.

गावांनाही यात ओढून घ्यावे लागेल. पाच-दहा यात्रा समित्यांनी एकत्र येऊन आपल्या सुपारीचा काही भाग पावसाळ्यापूर्वी एखाद्या नव्या वगासाठी द्यावा आणि त्यांनी दिला तेवढाच पैसा सरकारने त्यात घालावा. मग तो वग कसा झाला हे पाहण्यास ती गावे हक्काने येतील आणि नापसंती असेल तर तीही हक्काने कळवितील. नव्या खेळाला अशा टीकेची जेवढी गरज असते तेवढी प्रमाणपत्रांची नसते. वग पडला, तर पैसा वसूल करू नये. दहांतील तीन उभे राहिले तरी हा व्यवहार नफ्याचा झाला असे समजावे. पुस्तके, चित्रपट, नाटके यांच्या निर्मितीतही पडणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्यामुळे ती कोणी बंद करीत नाही.

आणि वेळेचे काय? सरकारी वर्ष मार्चअखेर संपते, अनुदानांच्या रकमा सोडविण्याची घाई त्याच सुमारास होते. फडाच्या दृष्टीने तो काळ ऐन यात्रांचा असतो. तेव्हा हाती आलेल्या पैशातून नवा वग बसत नाही, जुने देणे फिटते. कलावंत उचलीसाठी दाराशी येतो तो पावसाची पहिली सर पडल्यावर. तालमीच्या खर्चाची मंजुरी फड बंद होण्यापूर्वी वैशाखात आणि पहिला हप्ता आषाढात मिळाला, तर सावकाराकडे जाण्याआधी मालकाजवळ निदान एक दुसरे दार असेल. संचालनालयाने यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. प्रस्ताव मागविण्याची तारीख गुढीपाडव्याच्या आधी ठेवावी आणि अर्ज स्वीकारण्यासाठी आपला एक माणूस नारायणगावच्या राहुट्यांपर्यंत पाठवावा.